‘पोस्टकार्ड’ म्हणून सर पुढे गेले, आता वहीत काय लिहू?

प्रश्न: ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. शनिवार-रविवार फोटोग्राफीच्या क्लासला जाते. कंपोझिशनचा, म्हणजे चौकटीत काय कुठं ठेवायचं याचा, भाग सुरू झाल्यापासून माझं गाडं अडलंय. रंकाळा तलावावरचा सूर्यास्त अगदी शिकवल्याप्रमाणे, स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेषांची ग्रिड लावून काढला. सर म्हणाले, ‘‘पोस्टकार्ड आहे,’’ आणि पुढचा फोटो लावला. बाकीची पोरं म्हणाली, ‘‘नाद खुळा!’’ दोन्हीतून मला काही कळलं नाही. क्लासने गुऱ्हाळावर नेलं होतं, तिथं ढीगभर फोटो काढले, एकही धड नाही. त्यातला एक घरी क्रॉप करून जरा सुधारला, तर मैत्रीण म्हणते ही फसवणूक. प्रत्येक असाइनमेंटबरोबर आपल्याच कामाबद्दल वहीत एक पान लिहायचं असतं. माझ्या प्रत्येक पानावर ‘अजून खोलात जा’ असा लाल शेरा आहे. खोलात म्हणजे कुठं? टर्मच्या शेवटी प्रत्येकाच्या दहा फोटोंचं प्रदर्शन आहे. सध्या मोबाइलवर काढते. मामेभावाचा डीएसएलआर मिळतोय, तो आला की फरक पडेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर:

पत्राबरोबर फोटो आणि वहीची पानंही पाठवलीस हे बरं केलंस. नुसतं पत्र वाचून मी तुझी तरी बाजू घेतली असती नाहीतर सरांची. फोटो बघितल्यावर दोघांचीही पूर्ण घेता येत नाही.

‘पोस्टकार्ड’ हा शेरा खरा आहे, पण अर्धा आहे, आणि अर्धा शेरा मारून पुढचा फोटो लावणं ही शिकवणाऱ्याची हयगय. उरलेला अर्धा मी सांगते. रंकाळ्याच्या चौपाटीवर कठड्याला टेकून, उभ्या माणसाच्या उंचीवरून, सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात असताना मोबाइल समोर धरला की हाच फोटो येतो. तुला येतो, शेजारच्या काकांना येतो, निपाणीहून सहलीला आलेल्या पोरांनाही येतो. क्षितिज खालच्या रेषेवर, सूर्य उजवीकडच्या छेदबिंदूवर, चुकलेलं काहीच नाही. पण कुठं उभं राहायचं हे तू ठरवलेलंच दिसत नाही. गर्दीत जिथं जागा मिळाली तिथं थांबलीस आणि मग स्क्रीनवरच्या रेषांत सूर्य बसवलास. माझं सगळं उत्तर याच गोष्टीभोवती फिरणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकते: कंपोझिशन बरंचसं पायांनी होतं, आणि वहीत लिहायचा असतो तो त्या पायांचा हिशेब.

आता त्याच फोटोच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात बघ. कुणाचं तरी कोपर आलंय आणि भेळेच्या कागदाचं टोक. मावळतीच्या उजेडाने कोपराची कड तांबूस झालीय. तू ते पाहिलंही नसशील. पाहिलं असतंस तर कापून टाकलं असतंस. मला विचारशील तर त्या सबंध फोटोत तुझं म्हणावं असं तेवढंच आहे, कारण ते त्याच संध्याकाळी, त्याच जागेवरून दिसत होतं. दोन पावलं मागं सरकली असतीस तर भेळ खाणारं माणूस, कठडा आणि पलीकडे पाणी असा वेगळाच फोटो समोर होता. तो चांगला झाला असता की नाही कुणास ठाऊक, पण तो तू निवडलेला असता.

तलावातल्या त्या जुन्या दगडी संध्यामठाचंही तसंच झालंय. तुझ्या फोटोत तो काठाच्या झाडीत मिसळून नुसता काळा ठिपका उरलाय. कठड्याच्या कडेने थोडं चालत गेलं की तो झाडीतून सुटतो आणि त्याच्याभोवती पाणी दिसायला लागतं. खाली बसलीस की पाण्याची पट्टी अरुंद होते, उंचावर चढलीस की रुंद होते. लेन्स तीच, झूम तेवढाच. जवळची वस्तू आणि लांबची वस्तू फोटोत एकमेकींशी कशा बसणार हे आपण कुठं उभे आहोत त्यावर ठरतं. झूमने ठरतं ते फक्त त्यातला किती तुकडा घ्यायचा एवढंच. हे वाचून पटत नाही, करून पटतं. एका संध्याकाळी फोन पर्समध्ये ठेव, एक डोळा मीट आणि संध्यामठाकडे बघत नुसती चाल. लोक बघतील. बघू देत.

ग्रिडवर माझा राग नाही. तिच्यामागचा नियम म्हणजे ‘रूल ऑफ थर्ड्स’: चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करायचे आणि विषय मधोमध न ठेवता त्या रेषांवर ठेवायचा. हे नाव छापील स्वरूपात पहिल्यांदा आढळतं ते 1797 मध्ये, जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराच्या लिखाणात. तेव्हा कॅमेऱ्याने टिपलेला फोटो अजून जन्मालाच यायचा होता. स्मिथचं म्हणणं निसर्गचित्रातल्या प्रमाणाबद्दल होतं: जमीन आणि पाणी मिळून एक हिस्सा असेल तर आकाशाला दोन हिस्से द्यावेत, चित्र बरोबर अर्ध्यावर कापू नये. सल्ला शहाण्या माणसाचा आहे. नवख्याला प्रत्येक गोष्ट मधोमध ठेवायची खोड असते, ती मोडायला तो उपयोगी पडतो. पण खोड मोडल्यावरही त्याच रेषांना धरून बसलं की सगळ्या क्लासचे फोटो एकसारखे दिसायला लागतात. खासबागेच्या कुस्ती मैदानाचंच बघ. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधून घेतलेलं ते मैदान गोल आहे, बसायला चारी बाजूंनी उतरती जागा, सगळ्यांच्या नजरा मधल्या लाल मातीवर. तिथं वरून फोटो काढताना लढणारी जोड रेषेवर बसवायच्या नादात बाजूला ढकललीस तर मैदानाचा गोल मोडेल. जोड मधोमधच हवी. आणि खाली उतरून, मातीच्या पातळीवर बसून, एकाच मल्लाचा दाबलेला खांदा घेतलास तर तोच खांदा चौकटीच्या कडेला सारून समोर मोकळी माती ठेवाविशी वाटेल. दोन्ही वेळी जागेने काय मागितलं ते महत्त्वाचं.

उजेडही याच हिशेबात धर. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तू लहानपणापासून ऐकत, बघत आली असशील. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत येतात. हे वर्षातून दोनदा का होतं? सूर्य दक्षिणेकडे सरकताना मावळतीच्या एका ठरावीक बिंदूवरून जातो, 21-22 डिसेंबरला मागं फिरतो आणि परतताना पुन्हा त्याच बिंदूवरून जातो. कॅलेंडर घेऊन मोज. डिसेंबरातल्या त्या दिवसापासून दोन्हीकडच्या तारखा जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. म्हणजे रंकाळ्यातला सूर्यही डिसेंबरात आणि मे महिन्यात एकाच ठिकाणी बुडत नाही. मावळतीकडे तोंड करून उभी राहिलीस तर हिवाळ्यात तो डावीकडे सरकलेला असतो, उन्हाळ्यात उजवीकडे. संध्यामठाच्या बरोबर मागं सूर्य हवा असेल तर तो कुठल्या महिन्यात, कठड्याच्या कुठल्या भागातून मिळेल हे शोधायला महिनोन् महिने तिथं जावं लागेल. तुझं घर रंकाळ्यापासून काही फार लांब नाही. सहलीला आलेल्यांना हे शक्य नाही, तुला आहे.

गुऱ्हाळाचे फोटो धड नाहीत असं म्हणतेस. सुंदर नाहीत, हे मान्य. पण शिकायला त्या सूर्यास्तापेक्षा तेच जास्त कामाचे आहेत, म्हणून त्यांच्यावर जरा जास्त वेळ घालवते.

सगळे फोटो दारातून काढलेत. उजेड तुझ्या पाठीमागून, उघड्या बाजूने आत येतोय. काहिलीवरच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवरच्या, वाफेवर तो समोरून पडल्यामुळे वाफ नुसती पांढुरकी, मळकट चादर झालीय आणि तिच्यामागं गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, कुठंतरी हरवलाय. वाफ, धूर, धूळ यांना उजेड मागून किंवा बाजूने लागतो आणि पाठीशी काळोख लागतो, मग त्या उजळून निघतात. तू शेडच्या आतल्या बाजूला जाऊन दाराकडे तोंड केलं असतंस तर हीच वाफ चमकली असती. माणसं काळपट आली असती, ते चालेल. ती जास्तच काळी वाटली तर स्क्रीनवर गुळव्याच्या अंगावर बोट दाबून धर आणि उजेडाची पट्टी हलकी वरखाली कर. वाफ पांढरी फटक व्हायच्या आत थांब.

दुसरं, गुळव्याच्या डोक्यातून शेडचा खांब उगवलाय. तिसरं म्हणजे ते निळं प्लास्टिकचं पिंप. सगळा प्रसंग तपकिरी, राखाडी, मधाळ रंगाचा, आणि त्यात एक भडक निळा गोळा. डोळा आधी तिथंच जातो. दोन्ही गोष्टी अर्ध्या पावलाने सुटल्या असत्या. शटर दाबण्याआधी नजर एकदा चौकटीच्या चारी कडांवरून फिरवून आणायची सवय लाव. मधला विषय आपण बघतच असतो, घात कडांवर होतो.

आता वेळेचं. फाइलींवरच्या वेळा बघितल्या मी. जवळजवळ सगळे फोटो गेल्या गेल्या, एका दमात काढलेत. रस उकळताना आहेत, मळी काढतानाचे एक-दोन आहेत. काहील चुलवणावरून उतरवून पाक वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओततात तो क्षण एकाही फोटोत नाही. तेव्हा तू कुठं होतीस? बहुधा सगळी बॅच काकवी पीत बसली असणार. त्याबद्दल तक्रार नाही, गुऱ्हाळावर जाऊन काकवी न पिणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पण गुऱ्हाळाचं काम फोटो काढणाऱ्याला फार सोयीचं असतं, कारण ते पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने होतं. एक काहील उतरली की पुढच्या रसाची तयारी. पहिल्या खेपेला फोन खिशात ठेवून नुसतं बघायचं: माणसं कुठून येतात, कोण कुठं वाकतं, पाक ओतताना वाफ कुठल्या बाजूला जाते, वाफ्यातला गूळ घोटणारा माणूस तोंड कुठं करतो. पाक झाला की नाही हे बघायला गुळव्या त्याचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो. त्या वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण सगळ्या काहिलीचं भवितव्य त्या गोळीवर ठरत असतं. हे एकदा बघितलं की दुसऱ्या खेपेला आधीच योग्य जागी जाऊन थांबता येतं. उकळत्या पाकापासून मात्र लांब राहा. अंगावर उडाला तर चिकटून भाजतो, आणि काम करणाऱ्यांच्या वाटेत तू आलीस तर ते तुझ्यापायी अडखळतील.

एकाच विषयाभोवती कसं सरकत जायचं याचा एक नमुना इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो. मार्च 1936 मध्ये डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी कॅलिफोर्नियात निपोमोजवळ मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे काही फोटो काढले. त्यातला एक जगभर पोचला: आई गालाला हात लावून लांब कुठंतरी बघतेय, दोन पोरं तिच्या खांद्यावर तोंड लपवून पाठमोरी, मांडीवर तान्हं. पण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात त्याच्या बरोबरच्या इतर फ्रेमही आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून बघ. एकीत लांबून सगळा तंबू आणि आजूबाजूचं उघडं रान दिसतं. मग बाई जवळ जातात, आणखी जवळ जातात, तंबू चौकटीबाहेर जातो, पोरांचे चेहरे वळतात. कंपोझिशनचा अख्खा तास त्यात आहे. आणि कडांचं म्हणत होते ना, त्या प्रसिद्ध फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा आला होता. लँगबाईंनी तो नंतर निगेटिव्हवर पुसट करून घेतला. ते बरोबर की चूक यावर आजही वाद घालता येतो, वर्गात घालून बघा.

त्यावरूनच क्रॉपकडे येते. तुझ्या मैत्रिणीला सांग, हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार फोटो कापण्याच्या विरोधात होता म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याचा सगळ्यात गाजलेल्यांपैकी एक फोटो, पॅरिसच्या स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस, 1932 सालचा, कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून काढल्यामुळे फळीचा भाग आत आला होता, तो त्याने काढून टाकला. तेव्हा क्रॉप केलंस म्हणून तू काही पाप केलं नाहीस. पण क्रॉपचा खरा फायदा वेगळाच आहे. जो तुकडा ठेवावासा वाटला तो तुला सांगतो की तू कुठं उभी राहायला हवी होतीस. वहीत तेवढं लिही आणि पुढच्या वेळी तिथं जाऊन उभी राहा. व्यवहाराचीही एक गोष्ट लक्षात ठेव. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो. त्याचा पाव भाग ठेवलास तर 2000 बाय 1500 उरतात, म्हणजे 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके धरून) जेमतेम सात बाय पाच इंचांची प्रिंट. प्रदर्शनातल्या भिंतीवर ती बापुडवाणी दिसेल.

आता वही. तुझ्या पानावरचं एक वाक्य असं आहे: ‘या छायाचित्रातून मला श्रमाचं सौंदर्य आणि ग्रामीण जीवनाचं वास्तव टिपायचं होतं.’ पोरी, हे वाक्य गुऱ्हाळाखाली चिकटव, कुंभारगल्लीतल्या चाकाखाली चिकटव, पंचगंगेच्या घाटावर कपडे धुणाऱ्या बाईखाली चिकटव, कुठंही खपून जाईल. सरांनी ‘खोलात जा’ असं लिहिलं ते यामुळेच असणार, आणि तू बिचारी आणखी मोठे शब्द शोधत बसलीस. खोलात म्हणजे तपशिलात. तुझ्याच फोटोंवरून आणि पत्रावरून मला जे कळलं ते तुझ्या तोंडी घालून एक पान लिहून दाखवते:

‘मी दारातच थांबले, कारण आत उकडत होतं आणि मोठी माणसं काम करत असताना मध्ये जायला संकोच वाटला. मला वाफ हवी होती. फोटोत वाफेच्या आधी निळं पिंप दिसतं. तिथं असताना ते मला दिसलंच नव्हतं. गुळव्याचा चेहरा एकाही फोटोत नीट नाही, कारण मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. आजीला फोटो दाखवला तर ती म्हणाली, हा माणूस ढवळतोय का नुसता उभा आहे तेच कळंना. काहील उतरताना मी बाहेर होते. पुढच्या वेळी आतल्या बाजूला, भिंतीशी उभी राहीन.’

आजी माझ्या पदरची आहे, तुझी आजी काय म्हणते ते तू विचार. पण बघ, यात सौंदर्य, वास्तव, भाव असलं काही नाही, तरी पुढच्या फेरीला काय करायचं ते सगळं आलंय. संकोच वाटला हे लिहायला लाजू नकोस. पुष्कळदा लांबून काढलेल्या फोटोचं कारण लेन्स नसतं, संकोच असतो, आणि ते कागदावर आलं की त्यावर इलाज करता येतो.

हे लिहायचं कसं, तर फोटो बघायच्या आधी. घरी आलीस की लगेच गॅलरी उघडून बसू नकोस. आधी आठवून लिही: काय बघितलं, काय हवं होतं, कुठं उभी होतीस, कुठला फोटो चांगला आला असं वाटतंय. मग दोन-चार दिवस जाऊ देत. त्यानंतर फोटो उघड आणि लिहिलेलं ताडून बघ. आठवणीतला फोटो आणि स्क्रीनवरचा फोटो यांच्यात जे अंतर दिसेल तेच तुझ्या पानाचं खरं लिखाण. आणि जागच्या जागी फोटो डिलीट करायची खोड आजपासून बंद. फसलेल्या फ्रेमशिवाय तू कशी सरकलीस, कुठं अडलीस हे कळायला दुसरा पुरावा नसतो. फिल्मच्या काळात सगळा रोल एका कागदावर छोट्या छोट्या चित्रांत छापून घेत, त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणत. बरा-वाईट प्रत्येक फोटो त्यावर क्रमाने हजर असे. तू निवडलेल्या-न निवडलेल्या सगळ्यांच्या स्वस्तातल्या चार बाय सहाच्या प्रिंट काढ, पलंगावर क्रमाने मांड. एखादा फोटो कळत नसेल तर उलटा धर. माणूस, गूळ, देऊळ हे अर्थ मागं पडतात आणि नुसते आकार, काळं-पांढरं, वजन दिसायला लागतं. कुठली बाजू जड झालीय ते तेव्हा पटकन कळतं.

वर्गातल्या चर्चेबद्दल माझं मत जरा कडक आहे. ‘नाद खुळा’ हे प्रेम आहे, त्याबद्दल पोरांना चहा पाज, पण ती चर्चा नव्हे. तालमीत वस्ताद डाव चुकला की ‘छान लढलास’ म्हणत नाही आणि ‘बेकार’ म्हणून निघूनही जात नाही. पाय कुठं होता आणि कुठं हवा होता ते सांगतो. तुमच्या वर्गात तेवढंच सुरू करायचं. सरांना सुचवायला संकोच वाटत असेल तर आधी चौघी-पाच जणींत सुरू करा. फोटो लावला की काढणारीने गप्प बसायचं. हा नियम सगळ्यात अवघड, कारण प्रत्येकीला ‘अगं तिथं ना, गर्दी होती’ असं सांगायची घाई असते. प्रदर्शनातल्या भिंतीशेजारी तू गर्दीची गोष्ट सांगायला उभी राहणार नाहीस. बाकीच्यांनी आधी नुसतं काय दिसतंय ते सांगायचं: डोळा पहिल्यांदा कुठं गेला, मग कुठं, कुठं अडखळला, कुठून बाहेर पडला. आवडलं-नावडलं नंतर. शेवटी काढणारीने सांगायचं की तिला काय हवं होतं. तू निळ्या पिंपाबद्दल चार जणींकडून एकामागून एक ऐकलंस की सरांच्या लाल शेऱ्याची गरज उरणार नाही. आणि सरांनी पुन्हा एका शब्दात निकाल लावला, तर उठून शांतपणे विचार, ‘‘सर, मी कुठं उभं राहायला हवं होतं?’’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

डीएसएलआरचं थोडक्यात. घे, वापर, पण तो आल्याने तुझा दारात थांबायचा संकोच जाणार नाही. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद बघते, त्यामुळे लांब उभं राहिलं की सगळा पसारा आत येतो. म्हणून जवळ जाणं भाग पडतं, आणि सध्या तुला तीच सवय लागायला हवी. भावाच्या कॅमेऱ्याबरोबर मोठी झूम लेन्स असेल तर सुरुवातीला ती घरीच ठेव. ती तुला पुन्हा दारातच उभं करील. बाबूराव पेंटर आधी नाटकाचे पडदे रंगवायचे आणि मग याच गावात त्यांनी सिनेमाचा कॅमेरा जुळवला, हे तू क्लासमध्ये ऐकलं असशीलच. चौकटीत काय घ्यायचं हे त्यांच्या डोळ्याला कॅमेऱ्याच्या आधी ठाऊक होतं. म्हणून एक फुकटचा सल्ला: चित्रं बघ. तुझ्याच राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कला संग्रहालय आहे. नट म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण तिथली निसर्गचित्रं बघताना प्रत्येकासमोर एवढंच विचार की माणूस बसला कुठं असेल, उंचावर की खाली, आणि उजेड कुठल्या बाजूला होता. आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाजवळ राहून या परिसराची चित्रं केली. त्यांची चित्रं जिथं बघायला मिळतील तिथं बघ. तुझ्या शहरातला प्रत्येक काठ कुणीतरी आधी निरखलेला आहे, मग तिथं वेगळं काय करता येईल हा प्रश्न आपोआप पडेल.

दहा फोटो निवडताना सगळ्यात चांगले दहा घेऊ नकोस. गुऱ्हाळ, रंकाळा, मांजर, फूल, आजीचे हात असा भेळेचा कागद होईल. माझं ऐकशील तर दहाही गुऱ्हाळाचेच कर. एक लांबून, सगळी शेड आणि ऊस दाखवणारा. मग आत, जवळ. एकदम जवळून बोटं आणि पाण्यातली गोळी. माणूस नसलेला एखादा, नुसत्या ढेपा किंवा विझत आलेलं चुलवण. दोन फोटो तेच सांगत असतील तर एक काढ, कितीही आवडता असला तरी. हे काढणं मैत्रिणीकडून करून घे, आपला जीव अडकतो. खाली लांबलचक मनोगत नको, वहीतल्या दोन-तीन ओळी पुरेत.

त्यासाठी पुन्हा जावं लागेल, आणि या वेळी बॅचबरोबर जाऊ नकोस, एखादी मैत्रीण घेऊन जा. मालकाला आधी फोन कर, काहील कधी उतरते ते विचार. गुळव्याला पहिल्या खेपेचे फोटो दाखव, त्याची परवानगी घे आणि प्रदर्शनात लावणार आहेस हेही सांग. नको म्हणाला तर विषय संपला, दुसरं गुऱ्हाळ बघायचं. हो म्हणाला तर एक चांगली प्रिंट त्याला नेऊन द्यायची. उन्हाळा तापायला लागला की एकेक गुऱ्हाळ बंद व्हायला लागतं, तेव्हा परीक्षेनंतर बघू असं म्हणू नकोस, येत्या रविवारीच जा. सुती कपडे घाल, पायात बंद बूट घाल आणि काकवीसाठी घरून बाटली ने.